कोरडवाहू टेनिस

आमच्या गावात टेनिसचा बॉल येऊन तीस वर्षं तरी झाली असतील, टेनिस मात्र अजून आलं नाही. सोयाबीन निघालं, दिवाळी झाली का चौकात फ्लेक्स लागतेच, भव्य खुले टेनिस बॉल क्रिकेट सामने, पहिलं बक्षीस एकवीस हजार, दुसरं अकरा हजार, अन वर दहा-बारा जणांचे गॉगलवाले फोटो. त्या बॉलचं नाव टेनिस काहून, तो मुळात कशासाठी बनवला, हे विचारायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं, मी इथं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते अन त्या चौकातूनच रोज जाते. विचारलं ते सातवीतल्या एका पोरीनं. घरच्या मोबाईलवर विम्बल्डनचं रील पाहून आली होती. म्हणे, मॅडम, हे टेनिस कुठी खेळते? म्हटलं इंग्लंडात, अमेरिकेत, आपल्याकडे हैदराबादला, पुण्याला. तर म्हणे, तसं नाही, आपल्या इकडे कुठी खेळते?

तिला काय सांगू. आपल्या इकडे म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातलं दीड-दोन हजार वस्तीचं गाव.

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियात बटुमीला कोनेरू हम्पीला हरवून बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकला, तेव्हा आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर दोन दिवस दुसरं काहीच नव्हतं, विदर्भाची लेक, विदर्भाची लेक. आनंद मलाही झाला, पेढे मीच वाटले वर्गात. पण त्यातच एका सरांनी टाकलं, आता विदर्भाची सानिया मिर्झा कधी? खाली पंचवीस अंगठे. अन मला हा प्रश्नच मुळात उलटा वाटते. त्यात धरूनच चाललेलं आहे का सानिया आपोआप उगवते, आपल्याकडे अजून पाऊस पडला नाही एवढंच. माझं म्हणणं असं आहे, अन ते काही जणांना कडू लागेल, का बाईमाणसाचं टेनिसमधलं करिअर आज जसं आहे तसंच राहणार असेल तर मी माझ्या वर्गातल्या एकाही पोरीच्या बापाला सांगणार नाही का पोरीला टेनिसला घाल. सांगितलं तर ते पाप होईल. आधी जेवढं आपल्या हातात आहे तेवढं बदला, मग स्वप्नं दाखवा.

हे करिअर कसं चालते ते आपल्याकडच्या माणसाला समजवायला एकच शब्द पुरते, कोरडवाहू. क्रिकेटवाल्या पोरींना निदान बोर्ड आहे, करार आहे, २०२२ पासून भारतीय संघाच्या बायकांना पुरुषांएवढीच मॅच फी आहे. टेनिसमध्ये पगार नावाची गोष्टच नाही. रॅकेट तुमची, तिच्या तारा म्हणजे गटिंग तुमचं, कोच, फिजिओ, विमानाचं तिकीट, हॉटेल, व्हिसा, सगळं आधी तुमच्या खिशातून, अन मग जिंकलात तर पैसे. बियाणं, खत, फवारणी, निंदण सगळं आधी घाला अन मग भाव काय भेटते ते बाजार सांगन, तसंच. फरक एवढाच का कापसाला निदान हमीभाव नावाचा कागद तरी असते.

सगळ्यात खालची पायरी म्हणजे आयटीएफच्या, आंतरराष्ट्रीय टेनिस संघटनेच्या, डब्ल्यू-१५ स्पर्धा. नावातला पंधरा म्हणजे जिंकणारीला पंधरा रँकिंग पॉइंट, अन सगळ्या खेळाडूंमध्ये मिळून वाटायचे बक्षीस पंधरा हजार डॉलर. पहिल्या राउंडला हरली तर हातात दीडशे डॉलरच्या आसपास येतात, म्हणजे बारा-तेरा हजार रुपये, त्यात हॉटेलचं बिलसुद्धा निघत नाही. अन हे पॉइंट टिकतात किती, तर ५२ आठवडे. पुढच्या वर्षी तोच आठवडा आला का जुने पॉइंट गळून पडतात, पुन्हा पेरा. मागच्या साली पऱ्हाटी चांगली झाली म्हणून या साली कोणी घरी पोतं आणून टाकत नाही ना, तसं. मनगट किंवा गुडघा गेला म्हणजे बोंडअळी आली समजा, उभं पीक आहे पण बोंडात काही नाही.

अन दुसऱ्या टोकाला पहा. २०२५ च्या यूएस ओपनला एकेरी जिंकणारीला पन्नास लाख डॉलर होते, अन पहिल्याच राउंडला हरून घरी जाणारीला एक लाख दहा हजार डॉलर. तोच बॉल, तेवढीच उंच जाळी. पण त्या पहिल्या राउंडला सरळ उभं राहायचं तर जगातल्या पहिल्या शंभर-एक बायकांत नाव पाहिजे. म्हणजे शंभर जणींचं वावर कालव्याखाली, बारमाही ओलित, अन बाकी सगळ्या मुरमाड टेकाडावर आभाळाकडे पाहत.

बायका-पुरुषांना सारखं बक्षीस, हे टेनिसचं नेहमी कौतुक होते, अन ते खोटं नाही. १९७० मध्ये नऊ खेळाडू बायकांनी एक-एक डॉलरचा करार सही करून वेगळी चूल मांडली, १९७३ मध्ये त्यातल्याच बिली जीन किंगच्या पुढाकारानं डब्ल्यूटीए, म्हणजे टेनिसवाल्या बायकांची संघटना झाली, त्याच वर्षी यूएस ओपननं बक्षीस सारखं केलं. विम्बल्डनला अन फ्रेंच ओपनला ते करायला २००७ उजाडलं. चौतीस वर्षं लागली राजेहो, अन तेही इंग्लंड-फ्रान्ससारख्या देशात, म्हणून आमच्या ग्रामसभेत बायकांचा आवाज उशिरा निघते म्हणून फार नाव ठेवू नका. पण ही बरोबरी कालव्याखालच्या लोकांची बरोबरी आहे. खालच्या पायरीवर बाईचा खर्च पुरुषापेक्षा जास्तच बसते, अन तो कोणत्याच तक्त्यात दिसत नाही. सतरा वर्षांचा पोरगा एकटा बॅग उचलून थायलंडला जाईल, सतरा वर्षांच्या पोरीला कोण एकटं पाठवते? मुलीच्या तिकिटाला दुसरं तिकीट चिकटलेलंच असते, आईचं नाहीतर बापाचं. म्हणजे दीडशे डॉलरसाठी दोघांचा खर्च, अन जो बाप सोबत गेला त्याची इकडची मजुरी बुडाली ती वेगळी.

आता सानिया. तिचं करिअर मी हौसेनं पाहिलेलं आहे, तेव्हा मी डीएड करत होते अन होस्टेलच्या टीव्हीवर कोणीतरी चॅनल बदलायच्या आधी जेवढं दिसलं तेवढं. सगळ्यांना आठवते ती नथनी अन ते टी-शर्टवरचं लिहिलेलं. मला आठवते ते वेगळं. २००५ च्या फेब्रुवारीत तिनं हैदराबाद ओपन जिंकली, एकेरीत डब्ल्यूटीए स्पर्धा जिंकणारी पहिली भारतीय बाई. स्पर्धा कुठं होती? हैदराबादला, तिच्या स्वतःच्या गावात. घरचं जेवण, घरची झोप, ओळखीची हवा, तिकिटाचा खर्च शून्य. त्याच्या एक महिना आधी ऑस्ट्रेलियन ओपनला तिला वाइल्ड कार्ड, म्हणजे रँकिंग न पाहता थेट प्रवेश, भेटलं होतं अन ती तिसऱ्या राउंडपर्यंत जाऊन सेरेना विल्यम्सकडून हरली. त्याच वर्षी यूएस ओपनला चौथ्या राउंडपर्यंत. खेळ तिचा होताच, तो कोणी दिला नाही, पण दार उघडं भेटलं अन स्पर्धा घरी झाली याचाही हात होता, अन हे दुसरं आपण नेहमी विसरतो, कारण मेहनतीची गोष्ट सांगायला सोपी अन कालव्याची गोष्ट सांगायला अवघड.

अन त्याच २००५ साली टीव्हीवर काय चाललं होतं, तर तिच्या स्कर्टची लांबी. फतवा निघाला. जगातल्या पहिल्या पन्नासात गेलेली अठरा वर्षांची पोरगी, अन देशभरातले बाप्पे तिच्या गुडघ्यावर बोलून राहिले. धर्म सोडा, आमच्या गावात खो-खोच्या पोरींनी हाफ पँट घातली तर काय होते ते मला माहीत आहे, तिथं कोणाच्याच धर्माचा फरक पडत नाही.

२००७ मध्ये ती एकेरीत जगात सत्ताविसावी झाली, भारतीय बाईचं तेवढं वरचं स्थान ना आधी कोणाचं ना नंतर. मग मनगट गेलं, २००८ मध्ये ऑपरेशन. इथं बहुतेकांची गोष्ट संपते. तिनं काय केलं, तर पीक बदललं. कापूस जमत नाही का, तूर घेऊ. एकेरी हळूहळू सोडून दुहेरीवर आली, अन लोक म्हणत होते दुहेरी म्हणजे काय टेनिस आहे का, अन इकडं ही बाई एप्रिल २०१५ मध्ये दुहेरीत जगात एक नंबर. मार्टिना हिंगिसबरोबर विम्बल्डन, यूएस ओपन, ऑस्ट्रेलियन ओपन लागोपाठ, सलग ४१ मॅच जिंकल्या दोघींनी. मिश्र दुहेरीच्या तीन धरून सहा ग्रँड स्लॅम, म्हणजे टेनिसमधल्या सगळ्यात मोठ्या चार स्पर्धांची विजेतेपदं. २०१८ मध्ये मूल झालं, जानेवारी २०२० मध्ये परत येऊन होबार्टला दुहेरी जिंकली. २०२३ च्या जानेवारीत रोहन बोपण्णाबरोबर मिश्रच्या फायनलला हरली अन फेब्रुवारीत दुबईला शेवटची स्पर्धा खेळून थांबली. वीस वर्षं. आमच्याकडे बाळंतपणानंतर बाई शाळेवर जॉइन झाली तरी विचारतात, मॅडम, लेकरू कोणापाशी ठेवता? सेरेना बाळंतपणानंतर २०१८ मध्ये परत आली तेव्हा रँकिंग किती खाली घसरलं ते सगळ्यांनी पाहिलं, मग कुठं नियम बदलला अन बाळंतपणानंतर जुन्या रँकिंगवर स्पर्धेत घेण्याची मुदत वाढली. बाळंतपणात पगार द्यायची सोय डब्ल्यूटीएनं केली ती तर २०२५ मध्ये, अन तीही सौदीच्या पैशावर. आमच्या अंगणवाडीच्या बाईला मातृत्व रजा बरीच आधी भेटली म्हणायची.

पण सानिया एक आहे, अन एकीच्या गोष्टीवरून योजना आखत नसतात. अंकिता रैना पहा. अहमदाबादची, पुण्यात येऊन घडली, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत एकेरीचं कांस्य, २०२१ मध्ये दुहेरीची डब्ल्यूटीए स्पर्धा जिंकली, एकेरीत सगळ्यात वरचं रँकिंग १६०. जगात एकशेसाठावा नंबर! जगातला एकशेसाठाव्या नंबरचा कापूसवाला कसा असन, विचार करा, त्याच्या जिनिंग असतील. टेनिसमध्ये १६० म्हणजे ग्रँड स्लॅमच्या दाराबाहेर क्वालिफाइंग खेळायचं, तीन मॅच जिंकलात तर आत. चप्पल काढून उंबरठ्यावर उभं, पण जेवायला बोलावलं नाही.

अन बार्शीची प्रार्थना ठोंबरे. आपल्या महाराष्ट्रातलं तालुक्याचं गाव, ज्वारीचा भाग, तिथून सुरुवात करून तिनं २०१४ च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत सानियाबरोबर दुहेरीचं कांस्य आणलं अन २०१६ ला रिओ ऑलिम्पिकला गेली. म्हणजे होते, तालुक्यातून होते. पण त्यासाठी गाव सोडून मोठ्या शहराकडे सरकावं लागलं. ऋतुजा भोसलेनं हांगझोऊ आशियाई स्पर्धेत बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सोनं आणलं, तिनंही मधली वर्षं अमेरिकेत कॉलेज करून तिथं खेळून काढली. प्रत्येक गोष्टीत कोणीतरी घर हलवलेलं आहे. बापानं बदली मागितली, आई पोरीसोबत भाड्याच्या खोलीत राहिली, कोणी प्लॉट विकला. हलवायला घर तरी पाहिजे ना हलतं! पाच एकर कोरडवाहूचा माणूस वावर डोक्यावर घेऊन पुण्याला जाईल का?

इथपर्यंत आलं का आमचे एक सहकारी सर म्हणतात, मॅडम, शाळेच्या संडासात पाणी नाही अन तुम्ही टेनिस घेऊन बसल्या. हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. दिवाळीनंतर वेचणीच्या दिवसांत आठवीच्या वर्गात अर्ध्या पोरी नसतात, कोणी आईसोबत वावरात, कोणी घरी लहान भाऊ सांभाळायला. त्यांच्यासमोर रॅकेटची गोष्ट काढायला मलाच लाज वाटते कधीकधी. पण हाच हिशोब पोट्ट्यांच्या क्रिकेटला कोणी लावत नाही. एकवीस हजाराचं बक्षीस ठेवताना गावात कोणी म्हणत नाही का आधी संडासात पाणी आणा मग बॅट धरा. संडास फक्त पोरीच्याच खेळाला आडवा येते.

दुसरे म्हणतात, काहून टेनिसच, आपला खो-खो काय वाईट? वाईट कसा असन, मी स्वतः खेळलेली आहे, विभागापर्यंत गेलेली आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, बायकांचा कप भारतानं जिंकला, कॅप्टन महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. अन एवढं होऊनही खो-खोवर पोट भरते का? नोकरीतल्या खेळाडू कोट्यातून पाच टक्क्यांत लागली तर लागली. जगात बायकांना खेळून सगळ्यात जास्त पैसा ज्या खेळात भेटत आला तो टेनिस आहे, वर्षानुवर्षं कमाईच्या यादीत वरच्या बायका टेनिसच्याच. मग सगळ्यात जास्त पैशाचा खेळ शहरातल्या क्लबवाल्यांच्या पोरींना अन सगळ्यात कमी पैशाचा आमच्या पोरींना, अन वरून म्हणायचं का तो आपल्या मातीतला आहे. मातीतला आहेच. पण ही वाटणी कोणी केली?

टेनिस मराठी घरात नवीन आहे असंही नाही बरं. पंडिता क्षमा राव, संस्कृतात लिहिणाऱ्या, त्यांची मुलगी लीला राव १९३४ मध्ये विम्बल्डनला मॅच जिंकलेली पहिली भारतीय बाई. नव्वद वर्षं झाली त्याला. तेव्हाही तो जिमखान्याचा खेळ होता अन आजही आहे.

मला या सगळ्यात एक गोष्ट फार पटते ती ऑस्ट्रेलियातली. बारेलन नावाचं गव्हाच्या पट्ट्यातलं गाव, वस्ती काही शेकड्यांत, आमच्या गावापेक्षा कमी. तिथं १९५० च्या दशकात गूलागाँग नावाचं आदिवासी कुटुंब राहत होतं, बाप मेंढ्यांची लोकर कातरायच्या कामावर, आठ लेकरं. त्यातली इव्होन फळांच्या खोक्याच्या फळीनं भिंतीवर बॉल मारायची, अन गावच्या टेनिस कोर्टाच्या जाळीला नाक लावून उभी राहायची. तेव्हा तिथं आदिवासींना काय वागणूक होती ते वेगळं सांगायला नको, आपल्याला समजते. पण गावातला एक माणूस तिला म्हणाला, बाहेर काय उभी राहते, आत ये. पुढं सिडनीचा कोच तिला घेऊन गेला, अन १९७१ मध्ये, वय १९, तिनं फ्रेंच ओपन अन विम्बल्डन दोन्ही जिंकलं. १९८० मध्ये एका लेकीची आई होऊन पुन्हा विम्बल्डन. लोक या गोष्टीत इव्होनची जिद्द पाहतात, त्या भल्या माणसाचं मन पाहतात. मी पाहते ते कोर्ट. काहीशे वस्तीच्या गावात, मेंढरं-गहू करणाऱ्यांच्या गावात, टेनिस कोर्ट आधीच होतं. चॅम्पियन निघन म्हणून बांधलेलं नव्हतं, गावातल्या लोकांनी संध्याकाळी खेळावं म्हणून बांधलेलं होतं. नाक लावायला जाळी होती म्हणून नाक लावलं. आमची पोरगी नाक कशाला लावणार?

अन कोर्ट म्हणजे काही आभाळातली गोष्ट नाही. कोर्ट ७८ फूट लांब, दुहेरीचं धरून ३६ फूट रुंद, मागं-बाजूला पळायची जागा पकडून १२० बाय ६० फूट. गुंठ्यात काढलं तर साडेसहा-पावणेसात गुंठे. गावठाणाची, ई-क्लासची म्हणजे सरकारी पडीक, एवढी जागा कोणाच्या तरी उकिरड्याखाली निघतेच. सिंथेटिक पाहिजे असंही नाही. सानियानं स्वतः सांगितलेलं आहे का ती लहानपणी हैदराबादला शेणाच्या कोर्टवर खेळली. शेणाचं सारवण! हे वाचलं तेव्हा मी शेजारच्या काकूंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, मंग तं मीच चांगली खेळीन, अंगण तं मी रोजच करतो. अख्ख्या जगात सारवण करणाऱ्या बायकांची तोड नाही अशा भागात आपण राहतो अन कोर्टाला पैसा नाही म्हणून रडतो.

कोर्ट नाहीतच असंही नाही. बहुतेक जिल्ह्याच्या ठिकाणी साहेब लोकांच्या क्लबात एक टेनिस कोर्ट असते, इंग्रजांच्या काळापासूनची रीत आहे, कलेक्टर-एसपी बदलून येतात, सकाळी तासभर खेळतात, चांगली गोष्ट आहे. बाकी तेवीस तास काय? कुलूप. ते कुलूप सकाळी सात ते नऊ शाळेच्या पोरींसाठी काढायला कोणत्या बजेटची गरज आहे मला सांगा. एक आदेश लागते, टाइप करायला अर्धा तास.

अन जिथं नवीन बांधलं तिथली गोष्ट ऐका. एका तालुक्याच्या गावच्या क्रीडा संकुलात मी शाळेच्या पोरी घेऊन गेले होते, कबड्डीच्या सामन्यासाठी. मागच्या बाजूला टेनिस कोर्ट दिसलं, खरंच टेनिसचं, खांब, रेषा, सगळं. त्यावर सोयाबीन वाळत होतं. मला राग नाही आला, खरं सांगते, पाऊस आला होता अन कोणाचा तरी माल भिजला होता, सपाट जागा दिसली, घातला. कोर्ट वापरात असतं तर कोणी घातला नसता. तिथल्या माणसाला विचारलं इथं शिकवते कोण, तर म्हणे शिकवणारा कोणी नाही, पण उद्घाटन झालेलं आहे. आपल्याकडे बांधकामाला पैसा असते, माणसाला नसते. सिमेंटचं बिल निघते, कोचचा पगार निघत नाही, कारण कोचच्या नावाची पाटी लावता येत नाही.

बक्षिसांचंही तसंच. दिव्याला राज्य सरकारनं ३ कोटी दिले, सत्कार झाला, तिनं ते कमावलेलं आहे, त्यातला एक रुपया कमी करा असं मी म्हणत नाही. पण हा पैसा पीक घरात आल्यावरचा आहे. जिंकलेलीला पैसा द्यायला हिंमत लागत नाही, फोटो हमखास चांगला येते. हिंमत लागते बारा वर्षांच्या, अजून काहीच न जिंकलेल्या, कदाचित कधीच न जिंकणाऱ्या पन्नास पोरींवर खर्च करायला. ३ कोटीत किती कोचचे किती वर्षांचे पगार बसतात ते आमच्या पाचवीतल्या पोरी गुणाकारानं काढून देतील. दोन्ही करा ना, कोण नाही म्हणते. पण एकच करायचं ठरलं तर मी पेरणीच्या वेळचा पैसा मागीन.

अन अठरा वर्षांच्या पुढं ज्या खरंच व्यवसाय म्हणून खेळायचं म्हणतील त्यांच्यासाठी स्पर्धा जवळ आणा. सोलापुरात बायकांच्या आयटीएफ स्पर्धा होतात, म्हणजे ते काही फक्त मुंबई-पुण्याचं काम नाही. अमरावतीला, अकोल्याला लागोपाठ तीन-चार आठवडे छोट्या स्पर्धा हिवाळ्यात ठेवल्या, आपला हिवाळा काय सुंदर असते, तर पोरीला पंधरा पॉइंट कमवायला परदेशात जाऊन आईबापाचं तिकीट जाळायची पाळी येणार नाही. हेच मी सानियाच्या हैदराबादबद्दल म्हणत होते. अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे, त्यांचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकला प्रात्यक्षिकं दाखवायला गेलं होतं. ज्या गावानं तेव्हा एवढं केलं त्याला आता जाळी बांधणं जड जाईल?

बाकी अडचणी लहान वाटतात पण त्याच मारतात. विम्बल्डनमध्ये सगळं पांढरं घालायचा नियम, अगदी आतलेही कपडे. पाळीच्या दिवसांत पांढऱ्या स्कर्टमध्ये खेळायचं म्हणजे काय, हे बायका सांगत राहिल्या, अन २०२३ पासून कुठं आत गडद रंगाची शॉर्ट घालायला परवानगी भेटली. हे वाचलं तेव्हा मला आमचा शनिवार आठवला. शनिवारी पांढरा ड्रेस, पीटीचा. सातवी-आठवीतल्या पोरी काही शनिवारी येतच नाहीत, मी हजेरी पाहून सांगू शकते. आमच्या शाळेत आता मोठ्या पोरींना शनिवारी निळाच ड्रेस चालते, मुख्याध्यापकांना समजवायला मला दोन मिनिटं लागली. विम्बल्डनला दीडशे वर्षं लागली.

अन गाडी. माझा खो-खो काही मी हरले म्हणून सुटला नाही, लग्नानंही नाही. अकरावीत प्रॅक्टिस साडेसहाला सुटायची अन गावाकडची शेवटची गाडी सहाची. महिनाभर बाबा सायकलनं घ्यायला आले, मग तूर काढणीला आली. झालं. कोणी नाही म्हटलं नाही मला, कोणाशी भांडण नाही, टाइमटेबलनं संपवलं. म्हणून मला पोरींना शाळेत नेणाऱ्या, मानव विकास योजनेच्या निळ्या बसचं फार मोल वाटते, किती पोरींची शाळा त्या बसनं वाचवली ते मी डोळ्यांनी पाहिलं. तिचीच एक फेरी आठवड्यातून तीन दिवस दोन तास उशिरा सोडा, अर्ध्या विदर्भाच्या पोरींचा खेळ वाचते. टेनिस असो का लंगडी.

आमच्या शाळेपुरतं सांगायचं तर आम्ही मागच्या महिन्यात मैदानाच्या कोपऱ्यात चुन्यानं आखलं. पुरी लांबी बसत नाही, हापशी आडवी येते, म्हणून साठ फुटांतच भागवलं. जाळी म्हणून रोपवाटिकेतली जुनी हिरवी शेडनेट, दोन तुराट्यांच्या मोळ्यांना बांधलेली, मधून झोळ पडते, मधी तीन फूट पाहिजे ती अडीचच भरते. रॅकेट दोन खऱ्या, एक माझ्या भाच्याची जुनी, एक नागपूरहून मागवलेली, बाकीच्यांना सुताराकडून प्लायच्या फळ्या कापून आणल्या. बॉल चौकातल्या दुकानातून, क्रिकेटवाल्यांचेच. पोट्टे दोन दिवस कुंपणावर बसून हसले, तिसऱ्या दिवशी विचारायला लागले, मॅडम, आम्हाले नाही का? म्हटलं तुम्हाले सहा वाजतापासून, आधी ह्या.

सातवीतली ती पोरगी मारते लय जोरात, वेचणीनं मनगट तयार असन बहुतेक. सगळे फटके कुंपणाबाहेर, शेजारच्या पऱ्हाटीत. मग दहा जणी मिळून बॉल शोधतात, वावरवाले आजोबा ओरडतात, बोंडं तोडू नका वं पोट्ट्याहो, अन तिकडून हिचा आवाज येते, मॅडम, पऱ्हाटीले लागून वापस आला तं इन का आउट? मी म्हटलं आउट. तिला ते मान्य नाही.